भारद्वाज आणि आठवं बिट

माझं काम नेमकं काय आहे, हे मला आजवर घरी कुणाला नीट सांगता आलेलं नाही. नाशिकला एका छोट्या कंपनीत मी ई-मेलचे सर्व्हर सांभाळते. लोकांची मेल येते, जाते, अडकते, आणि अडकली की सगळे माझ्या नावाने खडे फोडतात. येवल्याला माझी आई शेजारणींना सांगते, "पोरगी पोस्टात हाय. कॉम्प्युटरच्या पोस्टात." आमच्या घरात पहिल्यापासून हातमाग. दादा अजून मागावर बसतो, मी बसले नाही. लहानपणी मला एका जागी बसवत नसे, असं आईचं म्हणणं. आता मी दिवसभर खुर्चीला चिकटलेली असते, हे ती मला दर भेटीत ऐकवते.

आईला काचबिंदू आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. नजर कडेकडेने जाते, मधली तेवढी शेवटपर्यंत टिकते, गेलेली परत येत नाही; थेंब घालून उरलेली जमेल तितकी राखायची. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हंजे आता बांगडीतून बघायचं. अन् बांगडी दिवसंदिवस ल्हान व्हणार." डॉक्टरांना इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं.

त्या दिवशी तिला घेऊन मी एसटीने येवल्याला निघाले. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता, गाडी जागची हलेना. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. तर ती मध्येच म्हणाली, "दिसतंय तवर माझं पाखरू एकदा बघायला पायजे व्हतं."

कोणतं पाखरू, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पैठणीच्या पदरावर मोर असतात, पोपट असतात. आईने मात्र लग्नानंतर पहिल्या वर्षी पदरावर भारद्वाज विणला. घरामागच्या कुंपणात तो रोज यायचा: काळं अंग, तांबूस पंख, गुंजेसारखा लाल डोळा. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, मग तो रोज दिसेल असा पदरावरच का नको, असा तिचा हिशेब. पदर देखणा झाला. व्यापारी साडी घेऊन गेला आणि जाताना बजावून गेला की पुढच्या वेळी मोरच विणा, लग्नात काळं पाखरू कोण नेसणार? त्यामुळे ती एकच झाली. विणणाऱ्याच्या घरी पैठणी राहत नाही; मागावरून उतरली की ती दुसऱ्याची. फोटो कुणी काढला नाही. आईने नंतर कितीदा तरी ते पाखरू कागदावर काढायला घेतलं आणि प्रत्येक वेळी कागद चुरगाळून टाकला.

आणि मग, ज्याची आम्ही कुणी आशाच केली नव्हती, ते झालं. दादाकडे साडी बघायला आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या इंदूरच्या काकूंकडे भारद्वाजाची पैठणी आहे, लग्नातली. दादाच्या हातातली साडी हातातच राहिली. त्याने तिथूनच मला फोन लावला आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना ओरडला, "अगं, पाखरू घावलं!"

इंदूरच्या काकांशी मग मी फोनवर बोलले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. बोलणं जुन्या वळणाचं, मला पहिल्या फोनपासून अहो-जाहो. काकू अंथरुणाला खिळलेल्या होत्या. काका म्हणाले, "साडी पाठवता यायची नाही, ती उशाशी घेऊन झोपते. पण नक्षी पाठवतो. सांगा कशी हवी."

दादाला फोटो नको होता. जुन्या रेशमाच्या फोटोत चमक येते, चुणी येते, धागा दिसत नाही. त्याला आलेख हवा होता. आलेख म्हणजे चौकोनी घरांचा कागद, एकेका घरात एकेक रंग, म्हणजे तो समोर ठेवून विणता येतं. काका म्हणाले, करतो. पदरावर दोन पाखरं होती, एकावर एक, आरशातल्यासारखी उलट्या तोंडांची. त्यातलं एक मोजलं की पुरे. कॅमेरा, भिंग आणि स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम घेऊन ते बसले. पुढे कधीतरी मी चौकशीला फोन केला तेव्हा म्हणाले, "तिच्या दोन औषधांच्या मध्ये जो वेळ मिळतो त्यात मी धागे मोजतो. ती बघत असते. चुकलं की सांगते." हे ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ दुसरं काम केलं नाही.

प्रत्येक रंगाला त्यांनी एक नंबर दिला होता. काळा एक, पंखाचा तांबूस दहा, डोळ्याचा लाल तेरा, असे. जरीला मात्र थेट दोनशे. मी विचारलं, दोनशे का? तर म्हणाले, "सोनं आहे ते. त्याला रांगेत कसं उभं करायचं?"

इथे थोडं माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं. ऐकणारं कुणी मिळत नाही एवढंच. संगणकात सगळं शेवटी आकड्यांचं असतं. अक्षर असो, फोटो असो, गाणं असो, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे आकडे एकामागे एक. असा एक आकडा लिहायला आठ बिटं लागतात, आणि बिट म्हणजे नुसतं एक हो किंवा नाही. पण ई-मेल जन्मली ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या घरी. इंग्रजीचा सगळा संसार एकशे सत्तावीसच्या आत मावतो, त्याला सात बिटं पुरतात. आठवं बिट वाटेतला कुठलाही सर्व्हर खुशाल कापून टाकायचा. आणि आपली मराठी? आज संगणकात मराठीचं एकेक अक्षर तीन आकड्यांचं असतं आणि ते तिन्ही एकशे सत्तावीसच्या पुढचे. अख्खी देवनागरी त्या आठव्या बिटावर उभी आहे. ते कापलं की 'आई' हा शब्दसुद्धा पलीकडे पोचत नाही.

यावर लोकांनी तोड काय काढली? तीन आकडे घ्यायचे, त्यांची चार साधी इंग्रजी अक्षरं करायची, ती सात बिटांच्या वाटेने पाठवायची आणि पोचल्यावर त्यांचे परत तीन आकडे करायचे. वजन एक तृतीयांशाने वाढतं, पण माल शाबूत पोचतो. आपण मेलने पाठवतो तो जवळजवळ प्रत्येक फोटो असाच अक्षरांचं सोंग घेऊन जातो. नातवाचा फोटो, एक्स-रे, सातबारा, सगळं. पुढे सर्व्हर सुधारले. आता दोन सर्व्हर समोरासमोर आले की आधी नमस्कार होतो. मग दुसरा आपल्याला काय काय चालतं ते सांगतो. "आठ बिटं चालतील" असं तो म्हणाला, तर पहिला मजकूर आहे तसा देतो. नाही म्हणाला, तर समोरच्याला झेपेल असा सात बिटांत बांधून देतो, नाहीतर मेल पाठवणाऱ्याकडे परत करतो. पण मोडकं पुढे ढकलत नाही. एकमेकांना कधी न पाहिलेली यंत्रं, कुठली कुठे, आणि नव्याने जुन्याला हसायचं नाही, त्याला सांभाळून घ्यायचं, ही रीत त्यांना माणसांनी घालून दिलेली. आमच्या सोसायटीच्या सभेत मला हे दृश्य अजून दिसलेलं नाही. सर्व्हरवर मी ते रोज पाहते आणि अजूनही थक्क होते.

तर काकांची मेल आली. ती कशी पाठवली, हे त्यांनी आधी मोठ्या अभिमानाने सांगून ठेवलं होतं. अक्षरांचं सोंग त्यांना मान्य नव्हतं. एक तृतीयांश फुकटचं वजन! सगळी नोकरी तारांवरची जागा वाचवण्यात गेलेला माणूस तो. त्यांनी आपल्या सर्व्हरला विचारून पाहिलं, तो म्हणाला आठ बिटं चालतील, आणि काकांनी रंगांचे आकडे जसेच्या तसे मेलमध्ये ओतून दिले. सोबत एका ओळीत किती घरं, ते लिहिलं होतं.

मी त्या आकड्यांचे रंग करून चित्र काढलं, मोठ्या कागदावर छापून घेतलं. पाखरू जरा तिरकं वाटत होतं. मला वाटलं, जुनी साडी, कापड ओढलं गेलं असेल; पंखावरचे लाल ठिपके नक्षीतलेच असतील. सुरळी काखेत मारून येवल्याची गाडी पकडली.

दादाने कागद ओट्यावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. आई वाकली. तिची बघायची पद्धत आता वेगळी झाली आहे. डोळे नाही, सगळं डोकं फिरवावं लागतं. तिने कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोकं फिरवलं. जरीचा रंग तेवढा शाबूत होता, पण पाखराची चौकट एका अंगाला कलंडलेली, मान एकीकडे, चोच भलतीकडे, आणि पंखावर सगळीकडे लाल ठिपके. जणू पंखभर डोळे उगवले होते.

"हे माझं पाखरू नाय," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

दादाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच पाखराच्या पंखांना गोवर आणला. "तुझ्या पोस्टानं वाट लावली," तो म्हणाला. मी म्हणाले, काकांकडून पुन्हा मागवते, त्यात काय. आणि अंगणात जाऊन इंदूरला फोन लावला.

फोन काकांनीच उचलला. आवाज ओळखू येईना. काकू गेल्या होत्या. तिची इच्छा होती म्हणून लग्नातली पैठणी नेसवूनच तिला नेलं, असं ते म्हणाले. मी काहीतरी पुटपुटले. साडीचं विचारायचा प्रश्नच नव्हता. बऱ्याच वेळाने, अगदी चाचरत, मी फोटोंचं आणि मोजलेल्या आकड्यांचं विचारलं. ते म्हणाले, "पुसून टाकलं हो सगळं. त्या दिवसांतलं काही डोळ्यांसमोर नको झालं. तुम्हाला पाठवलंय, तुमच्याकडे आहे, म्हणून मी निर्धास्त होतो."

मी अंगणात तशीच उभी राहिले. म्हणजे पाखरू आता जगात कुठेच नव्हतं. जे होतं ते माझ्या मेलमध्ये, वाकडं, पंखभर डोळ्यांचं. आणि तोवर ओसरीवर येऊन बसलेली आई दिवसेंदिवस लहान होणाऱ्या बांगडीतून तांदूळ निवडत होती.

नाशिकला परत आल्यावर मी ती मेल रोज उघडायची आणि रोज बंद करायची. चित्र बघत बसायची. एके दिवशी कचेरीत चहा घेताना चित्र बाजूला ठेवलं आणि नुसते आकडे वर-खाली फिरवायला लागले. लाल कुठे कुठे आहे? तेरा. त्याच्या पुढे दहा. पुन्हा तेरा, पुढे दहा. तेरा, दहा. तेरा, दहा. आणि माझा चहा तसाच राहिला, कारण ही जोडी मी ओळखत होते. हिच्याशी माझा रोजचा संबंध. ई-मेलच्या जगात ओळ संपल्याची खूण हीच: आधी तेरा, मग दहा, नेहमी जोडीने.

मग सगळं माझ्यासमोर उलगडत गेलं. सर्व्हर "आठ बिटं चालतील" म्हणाला, ते खरंच होतं. त्याने शब्द पाळला. म्हणून तर जरीचे दोनशे शाबूत पोचले; जुना सात बिटांचा सर्व्हर असता तर त्याने दोनशेचे बहात्तर करून सोन्याची माती केली असती. पण आठ बिटं चालतील म्हणजे काहीही चालेल असं नाही. सर्व्हर अजून मजकूरच समजून चालतो, आणि मजकूर म्हटला की ओळी आल्या. वाटेत कुठल्यातरी सर्व्हरला एक सुटा दहा दिसला. तो काय करणार? त्याला वाटलं, बिचाऱ्याची ओळ संपलीय आणि जोडीदार हरवलाय. त्याने भल्या मनाने पुढे एक तेरा घातला. पंखाच्या प्रत्येक तांबूस घराआधी एक लाल घर! चौकटीची डावी कडही तांबूसच, म्हणून प्रत्येक ओळीत किमान एक घर वाढलं आणि चौकट कलंडली. काळ्याच्या मधोमध असलेला पाखराचा खरा डोळा मात्र सुखरूप होता. काही सर्व्हर सुट्या तेरालाही हात लावतात. याने लावला नव्हता.

मी काही मोठी भाविक नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नुकसान झालंच नव्हतं. एकही धागा हरवला नव्हता, फक्त वाढले होते, आणि वाढले तेही एका नियमाने. रेशीम जळालं होतं, नेसणारी गेली होती, मोजणाऱ्याने सगळं पुसलं होतं, आणि तरी ते पाखरू आकड्यांच्या रांगेत जिवंत बसून होतं. कुणीतरी येऊन तेवढे तेरा उचलायचे होते.

ते मी उचलले. दहाच्या आधीचा प्रत्येक तेरा काढून टाकला आणि चित्र पुन्हा काढलं. खालून चौकट सरळ वर जायला लागली. शेपूट आली, पोट आलं, पंख सुरू झाला. मी हसत होते, शेजारच्या टेबलावरचा मुलगा बघत होता. आणि पंखाच्या एका ओळीत चौकट एका घराने सरकली. त्याच्या वरचं सगळं, मान, चोच, डोळा, एक घर बाजूला.

एक घर कमी पडत होतं. मी पुन्हा पुन्हा मोजलं. उत्तर एकच निघत होतं. त्या ओळीतला एक तेरा सर्व्हरने घातलेला नव्हता. तो आधीपासूनच तिथे होता. काळ्या-तांबूस पंखात एक लाल धागा खरोखरचा होता, नेमका एका दहाच्या आधी. सर्व्हरला ती जोडी पुरी दिसली म्हणून त्याने तिथे काही घातलं नाही, आणि मी मात्र सरसकट काढताना तोही काढला. आता ओळ कुठली ते कळत होतं, पण त्या ओळीत तांबूस घरं पुष्कळ. त्यातल्या नेमक्या कुठल्या घराआधी? सर्व्हरने घातलेला तेरा आणि साडीतला तेरा यांत तिळाइतकाही फरक नाही. हे जगातला कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकला नसता.

मी काकांना फोन केला. एवढ्यात त्रास द्यावा की नाही, असं वाटत होतं, पण केला. सगळं ऐकून ते पहिल्यांदा थोडं हसले. "म्हणजे मी वजन वाचवायला गेलो आणि पाखराचं वजन वाढवलं." मग म्हणाले, "लाल धागा होता खरा पंखात. नेमका कुठे ते आठवत नाही. मला वाटलं विणणारीची चूक असेल. दुरुस्त करून पाठवणार होतो. पण हिनं अडवलं. म्हणाली, तुम्ही टेलिफोनवाले, जसं आलं तसं पुढे द्या, मधे आपली अक्कल घालू नका." मग त्यांचा आवाज हळू झाला. "तेवढं बरं केलं ना तिनं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, फार बरं केलं.

पुढच्या सुट्टीला मी येवल्याला गेले. या वेळी चित्र आईला एकदम दाखवलं नाही. आधी नुसतं विचारलं, "आई, पाखराच्या पंखात एक लाल धागा होता का गं?"

आई तांदूळ निवडायची थांबली. तिचा चेहरा एखादी चोरी पकडल्यासारखा झाला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आकड्यांत एक कमी पडतोय."

ती कितीतरी वेळ हसत राहिली, तोंडाला पदर लावून. मग म्हणाली, "तीट व्हती ती. तुझी आजी म्हणायची, समदं बिनचूक विणू नये, दृष्ट लागती. एक धागा मुद्दाम चुकवायचा. डोळ्यासाठी लाल धागा गुंडाळलेली काडी, तिल्ली, भरून ठेवली व्हती. लावला तोच. कुणाला बोलले नाय. तुझ्या बाला बी नाय."

"कुठे लावला?"

तिने डोळे मिटले. उजवा हात हवेत उचलला आणि बोटं अशी हलली की समोर ताणा असावा. "पंख फुटतो ना, तिथं. काळं सरतं अन् पयला तांबूस येतो, त्याच्या आदुगर."

मी लॅपटॉपवर तिथे एक तेरा घातला. त्याच्या पुढचं आणि वरचं सगळं एका घराने सरकलं आणि मान मानेवर, चोच चोचीवर जाऊन बसली. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. माझ्या पोस्टाला नावं ठेवणारा हा माणूस लगेच पडद्यावरची घरं मोजायला लागला. मला मात्र रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं की बघा, एका बाईने तरुणपणी गुपचूप लावलेली तीट इंदूरला गेली, आकडा झाली, कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरली, कुणीही तिला हात लावला नाही, आणि ती परत येवल्यात आली!

आईला चित्र दाखवलं तर ती म्हणाली, कागदावर नको. मागावर बघीन.

दादाने बाकीची कामं मागे टाकली आणि पदरापासूनच सुरुवात केली. पैठणीचं काम घाईचं नसतं; एक वीत व्हायला किती दिवस जातील ते रेशीम ठरवतं. इकडे आईची बांगडी लहान होत होती. आता तिला ताटातली भाजी दिसली तर भाकरी दिसत नसे. दादा फोनवर म्हणायचा, "मी पळतोय गं, पण हात पळत न्हाईत." एवढं एकच होतं आमच्या सगळ्यांच्या मनात, की पाखरू आधी होतं का अंधार.

पाखरू आधी झालं. दादाने निरोप दिला आणि मी मिळेल त्या गाडीने गेले. आई मागाशी बसली, नाक रेशमाला टेकेल इतकी जवळ. अख्खं पाखरू तिला एकदम दिसतच नव्हतं. तिने खालून सुरुवात केली. शेपूट बघितली, मग डोकं किंचित हलवून पोट, मग पंख, ओळीमागे ओळ. तिच्या बांगडीतून पाखरू थोडं थोडं आत जात होतं आणि आत कुठेतरी पुरं होत होतं. दादा शाळेत उभं केल्यासारखा हात मागे बांधून उभा. पंखाच्या मुळाशी ती थांबली. लाल धाग्यावर नख टेकवलं.

"हा माझा," ती म्हणाली. मग पुढे मान, चोच, डोळा. डोळ्यापाशी पुष्कळ थांबली. "आलास व्हय रे," असं त्या पाखराला म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

मग तिने दादाकडे तोंड वळवलं. "माझा घावला. तुझा कुठंय?"

"माझा कशाला? पाखरू तुझं हाय."

"ईणलं कुणी? पाखरं तू ईणायची अन् तीट माझी? चालायचं नाय. दुसरं पाखरू ईणशील त्यात तुझा घाल."

"कुठं घालू?"

"मला इचारू नको. सांगू बी नको. दिसतंय तवर मीच हुडकीन."

दुसऱ्या पाखराला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले. दादा मुद्दाम रेंगाळत होता की काय, देव जाणे. ते पुरं झालं त्या दिवशी आई सकाळपासून मागाशी बसली. तिने पंख तपासला, पुन्हा तपासला, पोट तपासलं, चौकटीची कड न् कड बघितली. जेवायला उठली नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मला दादाने कानात जागा सांगितली होती आणि आई बघत होती तिथून ती जागा पुष्कळ लांब होती. मी उठायला लागले तर दादाने माझा हात घट्ट धरून ठेवला. ऊन मागावरून सरकत भिंतीवर गेलं. आईचं बोट शेपटीवर आलं, शेवटच्या पिसाच्या टोकापर्यंत घसरलं आणि दादाने मला सांगितलेल्या नेमक्या जागी थांबलं.

"घावला," ती म्हणाली. "लय लपवला व्हतास रं."

दादाने माझा हात सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.